रकाना नऊ

माझं पेन ऐन वेळी बिनसलं,
तेव्हा अब्दोशचाचांनी खणातून
कापडावर रेघा मारायचा निळा खडू काढून दिला.
"यानं लिही. धुतलं की जातं."

हरारच्या शिलाई मशिनींच्या गल्लीत
दुपारी दीडनंतर मशिनींचा सूर बदलतो.
केळीच्या पानातली जुडी सुटते,
लालसर कोवळे शेंडे गालात जातात,
वर साखर, शेंगदाणे, थर्मासमधला चहा,
आणि पाय पॅडलवर असे पडू लागतात
की वाटावं, सुईच पळतेय कापडाच्या भीतीनं.

मी आरोग्य केंद्राची. माझ्याकडे बेचाळीस प्रश्न.
नववा असा : या पानानं तुमचं बरं झालं की वाईट?
दोन चौकोन. खूण एकातच करावी.

"बरं," चाचा म्हणाले.
"नेजाहा गेली त्या वर्षी घरात मी भिंतीशी बोलायचो.
इथे आम्ही चौघं बसायचो. चघळता चघळता
जाफर म्हणाला, खरं सांग,
तुझ्या बायकोची कॉफी कडूजहर असायची ना?
मी हसलो. चार महिन्यांनी पहिल्यांदा.
घाल ते हसू तुझ्या चौकोनात."

खडू टेकणार, तोच,
"थांब. माझी झोप नेली ती याच जुडीनं.
पहाटे तीनला वेशीबाहेरची तरसं
मला आवाजावरून ओळखू येतात, एकेक.
एक लंगडी मादी आहे, तिला मी नावसुद्धा ठेवलंय.
आणि रोजचे पैसे..."

या पानाला इथे चाट म्हणतात.
खिशाला बसते तीही चाटच.

"सोडून पाहिलं एकदा. अकरा दिवस.
दुसऱ्याच रात्री दुकाक आला,
झोपेत छातीवर येऊन बसतो, तो.
गळाबिळा नाही धरला त्यानं.
नुसती चौकशी केली घरच्यासारखी :
आज काही विसरलास का रे?"

ते हसले. हिरवे दात.
मी हसले नाही.
माझ्या भावानं, तौफीकनं, परीक्षेच्या महिन्यात
याच पानावर रात्री काढल्या,
गणितात जिल्ह्यात तिसरा आला,
आणि पुढच्या वर्षी बंद रेडिओशी भांडू लागला.
पानामुळेच का, विचारलं तर डॉक्टर म्हणाले,
असंही असेल, तसंही असेल,
बी आधीच असतं कुणाकुणात.
घरात आम्ही त्यावर बोलत नाही.
कारण आई बाजारात जुड्या विकते,
ओल्या फडक्याखाली, अगदी ताज्या,
आणि माझ्या नर्सिंगची फी
एकेका जुडीनं भरली गेली.
अंगावरचा हा पांढरा कोटसुद्धा
उन्हात धरला तर
हिरवा दिसेल असं वाटतं.

बेचाळीस प्रश्नांत हे कुणी विचारलेलं नाही.

दोन चौकोनांच्या मधे जी कोरी जागा असते
तिथे मी खडू टेकवला
आणि हात तसाच राहिला.
चाचांनी पॅडल थांबवलं.
"ही कापायची रेघ," म्हणाले, "की शिवायची?"

शेजारी कुणीतरी पावडरच्या डब्यातून
बटणं मोजत होतं. मला उत्तर सुचलं नाही.
रकाना कोरा राहिला तर फॉर्म बाद होतो,
साहेब तसं आधीच बजावून सांगतात.

निघताना चाचा मागून म्हणाले,
"तौफीकला दुपारी धाड इकडे.
पान देणार नाही, घाबरू नकोस.
बटणं रंगाप्रमाणे लावायला माणूस हवाय मला.
आणि पँट आखूड झालीय त्याची,
परवा पाहिलं. खाली दोन बोटं कापड आहे दुमडलेलं,
सोडून देईन."